नागीण गेली तरी आग का राहते? वेदनेच्या न्यूरॉनमध्ये कुठला चॅनल किती, हे कोण ठरवतं

वेदनेच्या न्यूरॉनवरचा प्रोजेक्ट हाती घेतलास आणि दोन गोष्टी विचारल्यास. एक, शरीरातल्या सगळ्या पेशींमध्ये डीएनए तोच, मग नॅव्ह १.८ हा सोडियम चॅनल, म्हणजे पेशीच्या पडद्यातलं सोडियम आत सोडणारं प्रोटीनचं दार, वेदनेच्या न्यूरॉनमध्येच का सापडतो, यकृतात नाही, स्नायूत नाही. दुसरी गोष्ट घरची, आजोबांना नागीण झाली, पुरळ महिन्याभरात वाळून गेलं पण पाच महिने झाले तरी बरगडीच्या त्या पट्ट्यात आग होते, बनियन घासला तरी सहन होत नाही, आणि हे दोन्ही एकमेकांशी जोडलेलं आहे का. जोडलेलं आहे. गेली अठरा वर्षं मी याच पेशींवर पॅच क्लॅम्प करतेय, म्हणजे काचेची बारीक नळी लावून त्यांचा करंट मोजतेय, त्यामुळं जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगण्यापेक्षा नीटच सांगते.

आधी ही पेशी डोळ्यासमोर आण. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक मणक्याच्या फटीत एकेक बारीक गाठ असते, तिला आम्ही लॅबमध्ये डीआरजी (डॉर्सल रूट गँग्लियन) म्हणतो. रॅटची एक गाठ म्हणजे साधारण मोहरीचा दाणा. स्पर्श, थंडी, चटका, टोचणं, सगळं कळवणाऱ्या न्यूरॉनची मुख्य शरीरं या गाठीत बसलेली असतात आणि त्यांचा तंतू एकीकडे कातडीपर्यंत आणि दुसरीकडे मज्जारज्जूत जातो. तळपायाला काटा टोचला तर तो ज्या न्यूरॉनला कळतो त्याचं केंद्रक कमरेपाशी आहे, म्हणजे मोठ्या माणसात जवळजवळ एक मीटर लांब. हे अंतर लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

या गाठी सोडवून पेशी सुट्या केल्या की मायक्रोस्कोपखाली लहान-मोठे चकचकीत गोल दिसतात. मोठे गोल बहुतेक हलक्या स्पर्शाचे आणि स्नायूंच्या ताणाचे, लहान गोल बरेचसे वेदनेचे. आता काचेची पिपेट लावून मोठ्या पेशीला करंटचा झटका दिला तर ती फायर होते, म्हणजे स्पाइक, विजेचा एक निरोप, सोडते, मग भोवतीच्या द्रावणात टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे फुगू माशाचं विष सोडलं की गप्प, एकदम सपाट रेघ. तेच लहान पेशीवर करून बघ. विष असतानाही ती फायर होत राहते, स्पाइक थोडा रुंद आणि आळसावलेला दिसतो पण होतो. हे काम नॅव्ह १.८ चं, त्याला हे विष जवळजवळ चालतच नाही. १९९६ मध्ये लंडनला जॉन वूड यांच्या गटानं याचा जीन वेगळा काढला. दोन्ही पेशी त्याच गाठीतल्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या, डीएनए अक्षर न अक्षर तोच, तरी एकीनं हा जीन उघडलाय आणि दुसरीनं नाही.

हे ठरतं गर्भात. न्यूरॉन तयार होताना काही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर ठरावीक जागी बसून जीन वाचायला लावणारी किंवा थांबवणारी प्रोटीनं, एकामागून एक येतात. ब्रन३ए आणि आयलेट१ साधारण सगळ्याच संवेदी न्यूरॉनमध्ये असतात, मग पुढे फाटे फुटतात. वेदनेच्या वाटेला रन्क्स१ लागतो, स्नायूंच्या ताणाच्या वाटेला रन्क्स३. २००६ मध्ये रन्क्स१ काढून टाकलेले माऊस तयार केले तेव्हा न्यूरॉन मेले नाहीत, गाठी जागेवर होत्या, पण थंडी ओळखणारा टीआरपीएम८, नॅव्ह १.९, पी२एक्स३ असे कितीतरी चॅनल गायब किंवा कमी, आणि त्या जनावरांना गरम-थंड नीट कळेना. एका फॅक्टरच्या हाताखाली चॅनलचा अख्खा संच असतो तो असा.

उलट बाजूला कुलूप आहे. आरईएसटी, आम्ही रेस्ट म्हणतो. १९९५ मध्ये दोन लॅबनी जवळजवळ एकाच वेळी शोधलेलं हे प्रोटीन. डीएनएवरच्या साधारण २१ अक्षरांच्या एका खुणेवर ते बसतं आणि न्यूरॉनचे जीन न्यूरॉन नसलेल्या पेशीत बंद ठेवतं. तुझ्या यकृताच्या पेशीत न्यूरॉनचे बरेच चॅनल का नाहीत याच्या उत्तराचा मोठा भाग हा. न्यूरॉन घडताना रेस्ट खाली जातं आणि कुलपं उघडतात. हे नाव विसरू नकोस, ते परत येणार आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण विद्यार्थी इथे हमखास चुकतात. नॅव्ह १.८ चा जीन, एससीएन१०ए, माणसात ३ नंबरच्या क्रोमोसोमवर हृदयाच्या नॅव्ह १.५ च्या जीनला खेटून आहे. हजारो लोकांचे ईसीजी तपासून जनुकीय फरक शोधले तेव्हा बोट आलं एससीएन१०ए वर आणि सगळे बुचकळ्यात पडले की वेदनेचा चॅनल हृदयात काय करतोय. पुढे कळलं की त्या जीनच्या पोटात, प्रोटीनचा कोड नसलेल्या भागात, एक एन्हान्सर आहे आणि तो शेजारच्या नॅव्ह १.५ ला चालवतो. म्हणजे नियंत्रणाची कळ एका जीनच्या आत आणि दिवा दुसऱ्या जीनचा. त्यामुळं जीनमध्ये फरक सापडला म्हणून तोच जीन दोषी असं लगेच लिहू नकोस.

इथपर्यंत वाचून वाटेल की गर्भात एकदा ठरलं की झालं. तसं अजिबात नाही, आणि मला या विषयात खरा जीव लागला तो इथेच. चॅनल काही आठवड्यांच्या आत जुने होतात, मोडले जातात, नवे करावे लागतात, आणि नवे किती करायचे हे कातडीकडून येणाऱ्या निरोपावर ठरतं. त्यातला मोठा निरोप्या एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर हे प्रोटीन. कातडीतल्या पेशी तो सोडतात, तंतूच्या टोकाला ट्रकए नावाचा रिसेप्टर तो धरतो, आणि दोघं एका पिशवीत बसून तंतूतल्या रुळांवरून केंद्रकाकडे निघतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं वेगळ्या प्रकारे. ठेचा केल्यावर बोटं चुरचुरतात ना, ती ज्या टीआरपीव्ही१ चॅनलमुळं, त्यावर माझं काम चाललं होतं. हा चॅनल मिरचीतल्या कॅपसेसिननं उघडतो आणि साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनंही, १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबनं शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. तर पेशींमध्ये कॅल्शियम वाढला की बदलणारा रंग भरायचा, एक मायक्रोमोलर कॅपसेसिन सोडायचं आणि पडद्यावर बघायचं, लहान पेशींपैकी जवळपास निम्म्या निळ्याच्या पिवळ्या-लाल होतात, काळोख्या खोलीत एकेक दिवा लागल्यासारखं. एका महिन्यात हे दिवे कमी कमी होत गेले. पेशी जिवंत, गोल, स्वच्छ, पोटॅशियम क्लोराइड टाकलं की उसळतात, पण मिरचीला ढिम्म. मी कॅपसेसिन बदललं, रंग बदलला, दिव्याची फिल्टर तपासली, तीन आठवडे गेले. कारण निघालं एनजीएफची बाटली, वारंवार गोठवून-वितळवून तिच्यात दम राहिला नव्हता. मोठ्या वयाच्या जनावराचे न्यूरॉन एनजीएफशिवाय मरत नाहीत, त्यामुळं बाहेरून काहीच कळत नाही, पण मिरची ओळखणं मात्र काही दिवसांत सोडतात, आणि एनजीएफ परत दिलं की परत शिकतात. १९८८ मध्येच हे प्रसिद्ध झालेलं होतं, मी वाचलेलंही होतं, तरी आधी तिकडे लक्ष गेलं नाही.

पण इथे एक बारीक गाठ आहे, ती नीट सोडव. निरोप आला की दर वेळी जीनच जास्त वाचला जातो असं नाही. रॅटच्या पंज्याला सूज आणली की टीआरपीव्ही१ चं प्रोटीन वाढतं, कातडीतल्या टोकांकडे जास्त पाठवलं जातं आणि साधं कोमट पाणीही पोळतं, पण २००२ च्या प्रयोगात त्याचा एमआरएनए, म्हणजे जीन वाचून झालेली प्रत, वाढलेला दिसला नाही. एनजीएफनं पी३८ नावाचं किनेज, म्हणजे इतर प्रोटीनांचं काम बदलणारं एन्झाइम, चालू केलं होतं आणि वाढ झाली ती पुढच्या पायरीवर, असलेल्या एमआरएनएपासून प्रोटीन जास्त बनवण्यात. म्हणजे तू फक्त क्यूपीसीआर, म्हणजे एमआरएनए मोजायची चाचणी, करून काही बदल नाही असं लिहिलं असतंस तर पूर्ण चुकलं असतंस. चॅनल किती हे जीन उघडा की बंद, किती वाचला, कसा कापून जोडला, मायक्रोआरएनए नावाच्या छोट्या आरएनएंनी किती दाबला, प्रोटीन किती झालं, पडद्यापर्यंत किती पोचलं, या सगळ्या टप्प्यांवर ठरतं. कापून जोडण्याचं एकच उदाहरण देते. मज्जारज्जूतल्या टोकाला निरोप पुढे द्यायला लागणारा कॅल्शियम चॅनल कॅव्ह २.२, त्याचा एक तुकडा दोन प्रकारे लागू शकतो, ३७ए किंवा ३७बी, आणि वेदनेच्या न्यूरॉनमध्ये ३७ए जास्त सापडतो, ज्यानं करंट मोठा येतो. जीन तोच, एकूण एमआरएनए तेवढाच, चॅनल वेगळा.

आता आजोबांकडे येऊ. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू जात नाही, याच गाठींमध्ये झोपून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या गाठीत उठतो आणि तिच्या नसा कातडीच्या ज्या पट्ट्यात जातात तिथे पुरळ येतं, म्हणून नागीण अशी एका बाजूला पट्ट्यानं येते. पुरळ कातडीवर दिसतं पण मार बसलेला असतो गाठीला. काही न्यूरॉन मरतात, काही जखमी होऊन जगतात.

जखमी न्यूरॉन काय करतो हे आपल्याला मुख्यतः नस बांधलेल्या किंवा कापलेल्या रॅट-माऊसवरून माहीत आहे. तंतू तुटला की कातडीचा निरोप यायचा थांबतो, आणि उलट जखमेच्या जागेवरून धोक्याची प्रोटीनं निघतात. ही वाहतूक दिवसाला साधारण १० ते २० सेंटिमीटर चालते, म्हणजे तळपायातून कमरेपर्यंत पोचायला आठवडाभर सहज, बरगडीतून एक-दोन दिवस. नस तुटली की वेदना दिवसागणिक बदलत का जाते त्याचं एक कारण हे. निरोप पोचला की एटीएफ३ नावाचा फॅक्टर चढतो, हा इतका भरवशाचा आहे की गाठीत कोण जखमी हे ओळखायला आम्ही त्याचाच स्टेन, म्हणजे तो असलेल्या पेशी रंगवून दाखवणं, वापरतो. २०२० मध्ये एकेका पेशीचा आरएनए वाचून दिसलं की जखमी झालेले वेगवेगळ्या जातीचे न्यूरॉन आपली ओळख काही दिवस जवळजवळ सोडून देतात, थंडीवाला, चटक्यावाला, स्पर्शवाला सगळे एकसारखे दिसायला लागतात, खास चॅनलचे जीन खाली आणि तंतू परत वाढवायचे जीन वर. तंतू परत जागेवर पोचला तर ओळख बरीचशी परत येते. एटीएफ३ काढून टाकलं तर हा बदल अडखळतो आणि नस भरून यायलाही उशीर लागतो. म्हणजे ही गडबड शरीराची चूक नाही, दुरुस्तीचं काम आहे, पण त्याच दुरुस्तीत ब्रेक सुटतात.

ब्रेक म्हणजे पोटॅशियम चॅनल, पोटॅशियम बाहेर सोडून न्यूरॉनला शांत ठेवणारे. बहुतेक जण वेदना म्हटलं की सोडियम चॅनल वाढले असं धरून चालतात, माझं मत असं की नस दुखावलेल्या वेदनेत पोटॅशियमचं कमी होणं आधी बघावं. केव्ही १.२ घे. याचा जीन केसीएनए२, चॅनल मोठ्या आणि मध्यम न्यूरॉनमध्ये भरपूर, म्हणजे हलक्या स्पर्शाच्या पेशींमध्ये. २०१३ मध्ये युआन-शियांग ताओ यांच्या गटानं दाखवलं की नस बांधली की याच जीनची उलटी बाजू वाचली जायला लागते. डीएनएच्या दोन दोऱ्यांपैकी एक वाचून चॅनलचा एमआरएनए होतो, दुसरी वाचून एक लांब आरएनए होतो ज्यापासून प्रोटीन बनत नाही, पण तो सरळ बाजूच्या एमआरएनएला दाबतो. उलटं वाचन सुरू करणारा फॅक्टर एमझेडएफ१, तो जखमेनंतर वाढतो. केव्ही १.२ कमी, पोटॅशियमचा करंट कमी, न्यूरॉन थोडक्यात भडकतो. आणि नुसता सहसंबंध नाही, जखम न करता हा उलटा आरएनए गाठीत घातला तरी रॅट पंजा झटकायला लागले. त्यावर अजून एक थर, डीएनएमटी३ए हे एन्झाइम याच जीनच्या प्रमोटरवर, म्हणजे वाचन जिथून सुरू होतं त्या भागावर, मिथाइलचे शिक्के मारतं आणि वाचन मुळातच कमी करतं. बनियन लागला तरी आग, हे मला या ब्रेकशिवाय समजावून सांगता येत नाही, जरी मज्जारज्जूतल्या बदलांचा त्यात मोठा वाटा असतो आणि आजोबांच्या गाठीत नेमकं काय झालंय हे उंदरावरून कुणी सांगू शकणार नाही.

केव्ही १.२ एकटा नाही. जी९ए नावाचं एन्झाइम हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्या प्रोटीनांवर गुंडाळलेला असतो त्यांवर, खुणा करून बऱ्याच पोटॅशियम चॅनलचे जीन एकदम बंद करतं, २०१५ मध्ये संवेदी न्यूरॉनमधून तेवढं एक काढलं तर नस दुखावूनही पोटॅशियम चॅनल टिकले आणि वेदना जुनाट व्हायची थांबली. आणि ते रेस्ट आठवतं? न्यूरॉन नसलेल्या पेशींचं कुलूप. नस दुखावली की ते न्यूरॉनमध्येच परत चढतं. केसीएनक्यू२ बंद करतं, हा आणखी एक ब्रेक, आणि मॉर्फिन जिथे बसतं त्या म्यू रिसेप्टरचा जीनही. नसेच्या दुखण्याला मॉर्फिन-ट्रॅमॅडॉल म्हणावं तितकं का लागू पडत नाही हे पेशंट विचारतात, त्यामागे हेही एक कारण दिसतं.

सोडियमबद्दल सावध करते. नस कापली की नॅव्ह १.३, जो गर्भात असतो आणि मोठेपणी खाली गेलेला असतो, तो परत वर येतो. १९९४ पासून हे माहीत आहे आणि इतकं सुंदर बसतं की आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं तोच दोषी म्हणून शिकवलं. मग २००६ मध्ये नॅव्ह १.३ नसलेले माऊस केले, नस दुखावली, आणि वेदना तितकीच आली. वाढणं आणि कारण असणं वेगळं, तुझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. नॅव्ह १.८ तर कापलेल्या न्यूरॉनमध्ये खालीच जातो.

आजोबांना डॉक्टरांनी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन दिलं असेल तर त्याचं लक्ष्यही याच गोष्टीत आहे. कॅल्शियम चॅनलचं एक सोबती प्रोटीन, अल्फा२डेल्टा१, नस दुखावली की गाठीत अनेक पटींनी वाढतं, चॅनल पडद्यापर्यंत न्यायला मदत करतं, आणि या गोळ्या त्यालाच चिकटतात. म्हणून या गोळ्यांचा गुण यायला दिवस-आठवडे लागू शकतात, आणि गोळ्या मनानं अचानक बंद करायला मात्र त्यांना सांगू नकोस, डॉक्टरांना विचारूनच.

नवी औषधं कुठे चाललीत तेही थोडक्यात. नॅव्ह १.८ अडवणारं सुझेट्रिजिन ३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत मंजूर झालं, तूर्त ऑपरेशननंतरच्या वगैरे ताज्या वेदनेसाठी. मेंदू आणि हृदयाला फारसा धक्का न लावता ते देता येतं ते कशामुळं, तर तुझ्या पहिल्या प्रश्नामुळं, हा जीन जवळजवळ याच न्यूरॉनमध्ये उघडा असतो. दुसरी वाट नॅव्ह १.७ ची. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या कुटुंबांमध्ये ज्यांचा हा जीन चालतच नाही अशी माणसं सापडली, त्यातला एक मुलगा निखाऱ्यांवर चालून आणि दंडात सुरी खुपसून रस्त्यावर खेळ करायचा, चौदावा वाढदिवस यायच्या आत गेला. म्हणून जीन कायमचा कापून टाकायचा विचार कोणी फारसा करत नाही. २०२१ मध्ये सॅन दिएगोच्या गटानं कात्री बोथट केलेलं क्रिस्पर (मुळात ठरावीक जीन शोधून कापणारं साधन) आणि त्याला जोडलेला दाबणारा भाग विषाणूतून माऊसच्या मणक्यात सोडला, डीएनए न कापता नुसता नॅव्ह १.७ दाबला, आणि वेदना काही महिने कमी राहिली. शरीर जे रेस्टकडून करून घेतं तेच, फक्त पत्ता आपण लिहिलेला. माणसात रोजच्या उपचारात यायला अजून बरंच बघावं लागेल.

आता तुझ्या प्रोजेक्टचं. अख्खी गाठ दळून आरएनए काढलास तर त्यात न्यूरॉनपेक्षा ग्लिया, म्हणजे आधार देणाऱ्या पेशी, जास्त असतील आणि जखमी-बिनजखमी सगळं एकत्र, तेव्हा जमलं तर एटीएफ३ च्या स्टेनबरोबर इन सिटू, म्हणजे पेशी जागेवर ठेवूनच एमआरएनए रंगवणं, कर, कुठल्या पेशीत घटलं ते दिसेल. एमआरएनएबरोबर प्रोटीन बघच, आणि कोणाकडे पॅच क्लॅम्पची रिग असेल तर करंट. कल्चर करणार, म्हणजे पेशी डिशमध्ये वाढवणार, असशील तर गाठ काढताना तू प्रत्येक तंतू कापलेला असतोस, म्हणजे तुझा कंट्रोलही जखमी आहे, एटीएफ३ तिथेही चढतं. त्यामुळं पेशी सुट्या केल्यापासून किती तासांनी मोजलं हे वहीत प्रत्येक डिशपुढे लिही, २४ तासांच्या आतल्या आणि तिसऱ्या दिवशीच्या पेशी एका आलेखात मिसळू नकोस, आणि एनजीएफ आणलास की पहिल्याच दिवशी छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठव, एक ट्यूब एकदाच वितळव.